पिण्यास अयोग्य

कुडाळच्या स्टँडवर मला गाडीत बसवून देतानासुद्धा आमच्या ह्यांचं तुणतुणं चालूच होतं. "कोकम सरबत करणाऱ्या बायकांनी वाइनच्या भानगडीत कशाला पडायचं, ते मला एकदा समजावून सांग." मी खिडकी लावून घेतली. गाडी हलली तरी हा माणूस खाली उभा राहून हातवारे करतच होता.

भानगड अशी, की आमच्या बचत गटात आम्ही चौदा जणी. कोकमाचं आगळ करतो, करवंदाचं लोणचं घालतो, फणसाचे गरे तळतो. जांभळं मात्र दरवर्षी झाडाखाली पडून सडतात, कारण ती धड दोन दिवस टिकत नाहीत. गेल्या उन्हाळ्यात कुणीतरी टूम काढली, जांभळाची वाइन करू या. निम्म्या जणी हसल्या, निम्म्या गप्प बसल्या. शेवटी ठरलं, की आधी एकीने जाऊन एखादी लहान वायनरी बघून यावी, परवाने-बिरवाने काय लागतात ते विचारून यावं. सरकारी कागदाला मी भीत नाही आणि साहेब लोकांशी वाद घालायला मला आवडतं, असा माझा लौकिक आहे. मग काय, मलाच धाडलं. हे सगळं आता त्या तेरा जणींसाठीच लिहिते आहे, कारण परत आल्यावर बैठकीत मला नीट बोलताच आलं नाही.

इंदापूर तालुक्यातल्या एका वायनरीवाल्यांची ओळख पुण्याच्या एका प्रदर्शनात झाली होती. त्यांचा स्टॉल आमच्या शेजारी. तात्या म्हणून साठीचे गृहस्थ, डोक्यावर पांढरी टोपी, सोबत पस्तिशीची मुलगी मनीषा. आमचं जांभळाचं सरबत पिऊन तात्या म्हणाले होते, "ह्याची वाइन कराल तर नाव काढाल, बाई." यंदा जानेवारीत तात्या गेल्याचं कळलं. पुढे नोव्हेंबरात मी मनीषाला फोन करून येऊ का विचारलं, तर ती एवढंच म्हणाली, "या मावशी. जे हाय ते डोळ्यानं बघून जावा."

कोल्हापूरला गाडी बदलली, फलटणला पुन्हा बदलली आणि बारामतीला उतरले तेव्हा दिवस कलला होता. स्टँडजवळच्या लॉजवर पिशवी टाकून खानावळ गाठली. तिथे शेंगोळी (हुलग्याच्या पिठाच्या वळलेल्या कडबोळ्या, झणझणीत रश्शात शिजवलेल्या) मिळाली. नारळाचा टिपूस नाही, नुसती लसूण आणि मिरची. दुसऱ्या घासाला मला उचकी लागली. वाढणारी बाई हसून म्हणाली, "कोकणातल्या दिसताय. दही देऊ का?" दह्याबरोबर मात्र ताट साफ केलं.

सकाळी बस एमआयडीसीच्या फाट्यावर अडकली. पाळीला निघालेल्या मोटारसायकलींची नुसती रीघ, प्रत्येकीच्या हँडलला जेवणाचा डबा. त्यातून सुटलो तर पुढे उसाच्या ट्रॉल्या. एकामागे एक, दोन-दोन जोडलेल्या, रस्ताभर ऊस सांडत चाललेल्या. कारखाने नुकतेच सुरू झाले होते. फडाच्या (तोड चालू असलेल्या उसाच्या शेताच्या) कडेला तोडणाऱ्या बायका वाढ्याचे (उसाच्या शेंड्याच्या पाल्याचे) भारे बांधत होत्या. मैलोन्‌मैल दुसरं पीक दिसेना. वालचंदनगर आलं तेव्हा जरा डोळ्यांना थंडावा मिळाला. कंपनीने वसवलेलं गाव, एकसारख्या क्वार्टर्सच्या रांगा आणि त्यांच्यावर मोठाली जुनी झाडं.

कंडक्टरला मी मोठ्याने विचारलं, "वायनरीला कुठे उतरायचं?" शेजारची बाई पदर सावरून खिडकीबाहेर बघायला लागली. मागून एक म्हातारा म्हणाला, "दारूचा कारखाना व्हय? त्यो बंद हाय." या गोंधळात मी एक थांबा पुढे उतरले. उन्हातून मागे चालताना चपलेचा अंगठा तुटला. मी चप्पल हातात घेऊन रस्त्याला आणि स्वतःला शिव्या घालत चालले होते, तेवढ्यात एक स्कूटर थांबली.

"ताई, पाय भाजंल. कुठं निघालाय?"

हे रशीदभाई. पंप आणि मोटारी दुरुस्त करतात, रस्त्यावरच त्यांचं दुकान आहे. वायनरीचे पंप पहिल्या दिवसापासून त्यांनीच बसवलेले. मी मनीषाचं नाव घेतल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "बसा," म्हणाले, "मी बी तिकडंच चाललोय. उद्या साहेब येणार हायत. त्यांना दोन माणसं लागत्यात, पंच म्हणून. एक मी."

कसले पंच, ते मी विचारलं. ते म्हणाले, मनीषाच सांगंल.

वायनरी म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर कमानी, बाग, खुर्च्या असं काहीतरी होतं. प्रत्यक्षात पत्र्याची एक लांब शेड, मागे दोन एकर द्राक्षाचे मांडव आणि पुढे घर. मनीषाची आई ओट्यावर शेंगा निवडत होती. तिने मला बघून ताबडतोब भाकरी टाकायला घेतली. नको म्हणायची सोय नव्हती. हात धुतल्यावर मनीषा म्हणाली, "चला, दाखवते."

शेडमध्ये चार स्टीलच्या टाक्या. तीन रिकाम्या, झाकणं उघडी. चौथीच्या झाकणाला आणि खालच्या नळाला सुतळी गुंडाळलेली, गाठीवर लाखेचं लाल सील. सहीचा कागद चिकटवलेला, त्याची कड उंदरांनी कुरतडलेली.

"तात्या गेल्यावर दहाव्यालाच भावकीनं सांगितलं, वारसनोंदी उरकून टाका," मनीषा म्हणाली. "मग मी आन आई फिरलो. तलाठ्याकडं साताबाऱ्यावर नाव लागलं. कारखान्यात तात्यांचा शेअर आईच्या नावावर झाला. सोसायटीत झालं, विहिरीच्या मोटारीच्या कनेक्शनवर झालं. आमाला वाटलं, झालं सगळं. परवाना भिंतीवर टांगलेला होता, त्यो तसाच राह्यला."

"मग?"

"फेब्रुवारीत द्राक्षं तयार झाली. द्राक्षं थांबत्यात व्हय? तात्यांच्या हाताखाली मी नऊ वर्षं काम केलं होतं, सगळं येत होतं. आईला सोबत घेऊन माल काढला, चिरडला, टाकी भरली. मार्च आला. परवान्याचं नूतनीकरण करायचं म्हणून अर्ज घेऊन एक्साइजच्या ऑफिसात गेले. सोबत तात्यांच्या मृत्यूचा दाखला जोडला आन आमचं स्टॉकचं रजिस्टर जोडलं. तिथल्या क्लार्कनं दाखल्यावरची तारीख बघितली, मग रजिस्टरातली द्राक्षं चिरडल्याची तारीख बघितली." तिने सीलकडे बोट केलं. "मीच हातानं नेऊन दिलं, मावशी."

तेव्हा मला उलगडलं. इकडच्या माणसाला जन्मभर एकच माहीत. जमीन असो, शेअर असो, मोटार असो, वारसनोंद झाली की मालकी पुढे गेली. वाइनचा परवाना मात्र माणसाला दिलेला असतो. माणूस गेला की परवानाही गेला. खात्याला कळवायचं, वारसाने नव्याने अर्ज करायचा आणि तो मंजूर होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही. हे भावकीत कुणाला ठाऊक असणार? तालुक्यात वायनरी ती एक. त्यामुळे तात्यांच्या मांडवातली द्राक्षं, त्यांच्याच टाकीत, त्यांच्याच मुलीने केलेली, आणि कागदावर ती विनापरवाना दारू.

मी खवळले. "अगो, मग अपील कर! मुद्दाम नाही केलंस, दुःखात होतीस, हे दिसत नाही का त्यांना?"

"दिसतंय. साहेब चांगले हायत. पण त्यांच्या हातात काय हाय?" तिने टाकीवरून हात फिरवला, सीलला मात्र बोट लावलं नाही. "माज्या नावावरच्या परवान्याचा अर्ज तवापासून भिजत पडलाय. आता निकाल आलाय, टाकीतला माल नाश करायचा. उद्या. माज्या नावानं गुन्हा दाखल झाला, तर परवाना कायमचा गेला. मग हे मांडव काढायचे आन ऊस लावायचा."

रात्री मी तिच्या घरीच राहिले आणि कागदपत्रांच्या फायली बघितल्या. आमच्या गटासाठी उतरवून घ्यायचं म्हणून वही काढली होती. दरवर्षी प्रत्येक लेबलाची मंजुरी. लेबलावरचं एक अक्षर बदललं तर नवी मंजुरी. माल दुसरीकडे न्यायचा तर प्रत्येक खेपेला वाहतूक पास. द्राक्षाचे नियम एक, बाकीच्या फळांचे वेगळे. शंभर टाक्यांच्या कंपनीला जे कागद, तेच चार टाक्यांच्या या शेडला. कंपनीकडे त्यासाठी माणसं ठेवलेली असतात, इथे ती आणि तिची आई. दुसऱ्या फायलीनंतर मी वही मिटली.

सकाळी दहाला जीप आली. साहेब पन्नाशीचे, डोळ्यांखाली काळं, बोलणं मऊ. बरोबर एक जमादार. रशीदभाई आधीच येऊन बसले होते. दुसरा पंच म्हणून गावातल्या एका पुढाऱ्यांनी शब्द दिला होता. अर्धा तास वाट पाहिली, मग त्यांचा फोन आला, पाहुणे आलेत. रशीदभाई माझ्याकडे बघून कडवट हसले. "दारूच्या कागदावर नाव कुणाला पाहिजे, ताई? निवडणूक हाय पुढं."

साहेबांनी मला विचारलं, "मॅडम, तुम्ही घरच्या नाही ना? सुशिक्षित आहात. पंच म्हणून राहता का?"

मनीषाने मान हलवली, म्हणून मी हो म्हटलं. त्या क्षणी मला वाटलं होतं, बरं झालं, आपण आहोत, काही वावगं होऊ देणार नाही.

साहेबांनी सील फोडलं. झाकण उचललं आणि शेडभर वास पसरला. आमच्याकडे पिकल्या जांभळाची टोपली दिवसभर माजघरात ठेवली की येतो, तसला काहीसा, आणि त्याच्या मागे लवंगेसारखं काहीतरी. मनीषा दोन पावलं पुढे आली. आठ महिन्यांनी तिला तो वास मिळत होता. तिचे डोळे भरून आले, पण चेहऱ्यावर हसू होतं. "बिघडली न्हाय," ती आईला म्हणाली. "आई, बिघडली न्हाय! काठोकाठ भरली हुती ना, हवा लागली न्हाय."

आई पुढे आली, वाकून वास घेतला. साहेबांकडे वळून म्हणाली, "ही त्यांनी केलेली न्हाय बरं का. ही माज्या पोरीनं एकटीनं केलीया."

साहेबांनी जमादाराला जीपमधली फाइल आणायला पाठवलं. तो गेल्यावर झाकण हळूच खाली ठेवलं आणि म्हणाले, "ताई, मी काय सांगतो ते नीट ऐका. पंचनाम्यात माल कसा आहे ते लिहावं लागतं. चांगला आहे असं लिहिलं, तर मला नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवावा लागेल. विकण्यालायक दारू विनापरवाना तयार केली, असा अहवाल येईल. मग गुन्हा, मग कोर्ट. तुमचा अर्ज तिथेच संपला. आणि माल बिघडलेला, पिण्यास अयोग्य आहे असं पंचांनी वासावरून सांगितलं, तर नमुन्याची गरज नाही. जागेवर नाश करतो आणि प्रकरण बंद करतो. अर्ज पुढे जाईल."

रशीदभाई म्हणाले, "साहेब, मी पीत न्हाय. पण ही बिघडलेली न्हाय, हे कुणी बी सांगंल. खोटं लिवायचं?"

"मी काहीच लिहीत नाही," साहेब म्हणाले. "पंच सांगतील ते लिहितो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. भांडायला म्हणून मला पाठवलेलं, आणि भांडू कुणाशी? समोरचा माणूस त्याच्या परीने भलंच करत होता. मी मनीषाकडे पाहिलं. ती टाकीकडे बघत होती. मी विचारलं, "काय सांगू गो?" बाहेर रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जात होत्या, त्यांचा खडखडाट संपेपर्यंत ती तशीच उभी होती.

"बिघडली म्हणून सांगा," ती म्हणाली.

जमादार परत आला. मी सांगितलं, रशीदभाईंनी सांगितलं, त्याने लिहून घेतलं. 'टाकीतील द्रव आंबट व उग्र वासाचा, बिघडलेला व पिण्यास अयोग्य असल्याचे पंचांनी वासावरून सांगितले.' मी सही केली.

बांधाच्या कोपऱ्यात खड्डा आधीच खणून ठेवलेला होता. रशीदभाईंनी पंपाला लांब पाइप जोडला. स्वतः बसवलेला पंप त्यांना आज यासाठी चालू करावा लागला. तासभर ती गडद लाल वाइन खड्ड्यात पडत होती. जमादार अधूनमधून फिनेलची बाटली ओतत होता, कुणी भरून नेऊ नये म्हणून. तसा नियम आहे म्हणे. जांभळाचा आणि लवंगेचा तो वास फिनेलमध्ये मिसळून गेला. मनीषा खड्ड्याच्या काठावर उभी राहिली ती शेवटच्या थेंबापर्यंत. तिच्या नऊ वर्षांच्या शिकण्यातली एकटीने केलेली पहिली वाइन, आणि तिने तिचा एक घोटही घेतला नव्हता. घ्यायला परवानगी नव्हती.

जाताना साहेब तिला म्हणाले, "दोन महिन्यांत होईल काम." मनापासून म्हणाले, याबद्दल मला शंका नाही.

दुपारी रशीदभाईंनी मला फाट्यावर सोडलं. चपलेला त्यांनी दुकानातली तार घालून दिली होती. "ताई, आपुन बरं केलं का वाईट?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पोरीचं काम झालं म्हणजे बरंच केलं. बस आली. बारामती, फलटण, कोल्हापूर, सगळी वाट मी डोळे मिटून काढली. घाट उतरल्यावर ओल्या मातीचा ओळखीचा गारवा लागला तेव्हा उठून बसले.

गटाच्या बैठकीत सगळ्या उत्साहाने जमल्या होत्या. काय काय बघितलंस, वाइन कशी होती, किती कागद लागतात? मी म्हटलं, आपण सरबतच करू या. का, ते विचारलं तर मी चिडले आणि उठून आले. माझं चुकलंच. कुणाला काय सांगावं, तेच कळत नव्हतं.

गेल्या आठवड्यात मनीषाचा फोन आला. आवाज अगदी सपाट. फाइल वर गेली होती. वरच्या कुणा साहेबांनी पंचनामा वाचला आणि शेरा मारला. तिने तो मला वाचून दाखवला. "'अर्जदाराच्या ताब्यातील साठा बिघडून पिण्यास अयोग्य झाल्याचे दिसून येते. सबब अर्जदारास वाइन तयार करण्याचे पुरेसे ज्ञान आहे किंवा कसे, याचा खुलासा व्हावा.'"

मी त्या साहेबांबद्दल विचारलं. त्यांची बदली झाली होती. मांडवात यंदाची द्राक्षं भरायला लागली आहेत, एक बेदाण्याचा व्यापारी येऊन बघून गेला, असं ती म्हणाली. मग म्हणाली, "मावशी, खुलाशात काय लिवू? तुमीच सांगा." मी म्हटलं, विचार करून सांगते.

त्या दिवसापासून मी तीनदा कागद पुढे ओढला. पंच या नात्याने कळवते, की वाइन उत्तम होती, असं लिहायला घेते. मग आठवतं, की वाइन उत्तम होती असं मी लिहिलं, तर पोरगी गुन्हेगार ठरते. नाही लिहिलं, तर अडाणी ठरते. तिसरं काही लिहिता येईल असा शब्द मला सापडत नाही. सरकारी कागदाला न भिणारी मी, प्रत्येक वेळी कागद फाडून चुलीत घालते आहे.

इथे गावाचं नाव घातलेलं नाही, मनीषाचं आणि रशीदभाईंचंही खरं नाव घातलेलं नाही, ते यासाठी. बायांनो, तुम्ही विचारलं होतं ना, वाइन कशी होती? चांगली होती. फार चांगली होती. मनीषाला मी अजून उलट फोन केलेला नाही.